शंभर वर्षांनंतरही टिक-टिक: आर्थर युंगहान्सची गोष्ट

जुनी घड्याळं दुरुस्त करण्याचे यूट्यूब व्हिडिओ तुम्हीही कधीतरी रात्री दीड वाजेपर्यंत बघितले असतील. मी बघतो. शेकोटीच्या वरच्या फळीवर ठेवायचं लाकडी जर्मन घड्याळ, कित्येक वर्षं बंद. मेकॅनिक आधी स्प्रिंगचा ताण हळूहळू उतरवतो, कारण ती एकदम सुटली तर बोट फुटलंच म्हणून समजा. मग पितळी प्लेटा उघडतो, सुकलेलं तेल धुतो, झिजून लांबट झालेल्या भोकांत नवे बुश बसवतो. पुन्हा जोडून चावी दिली की टिक-टिक सुरू!

अशा बऱ्याच घड्याळांवर आठ टोकांचा तारा असतो. ही युंगहान्स कंपनीची खूण. आणि या कंपनीला जगात सगळ्यात मोठी करणारा माणूस म्हणजे आर्थर युंगहान्स.

हो, केकवालंच ब्लॅक फॉरेस्ट

आर्थरचा जन्म १८५२ चा. नैर्ऋत्य जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट भागात तेव्हा घड्याळं घरोघरी, हातांनी बनायची. पण अमेरिकेतून मशीनवर बनलेली स्वस्त घड्याळं युरोपात येऊ लागली आणि कारागिरांचं गणित बिघडलं.

आर्थरचे वडील एरहार्ड यांनी १८६१ मध्ये श्रामबर्ग गावात मेहुण्यासोबत कारखाना काढला. सुरुवातीला पूर्ण घड्याळ नव्हतंच. लाकडी पेट्या, पितळी भाग, काचेची दारं असं सामान ते इतर घड्याळवाल्यांना विकायचे. स्वतःची घड्याळं १८६६ पासून. एरहार्डचा भाऊ अमेरिकेत जाऊन आलेला, त्यामुळे तिकडची पद्धत घरातच पोचली होती.

१८७० मध्ये एरहार्ड वारले. आर्थर तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा. कारखाना बंद पडला असता, पण आई लुईझने तो पाच वर्षं चालवला आणि १८७५ मध्ये मुलांच्या हातात दिला.

खरी आयडिया काय होती?

आर्थरने अमेरिकेत जाऊन तिथले कारखाने नीट बघितले होते. हाताने बनवलेल्या घड्याळात प्रत्येक चाक त्याच घड्याळासाठी कानशीने घासून बसवावं लागतं. मशीनवर मात्र पितळेच्या पत्र्यातून चाकं एकसारखी कापली जातात. मग कुठलंही चाक कुठल्याही घड्याळात बसतं. आपण कोडिंगवाले एकच फंक्शन दहा ठिकाणी वापरतो ना, तसंच काहीसं. जोडणी पटापट होते, किंमत उतरते.

आर्थरने हेच श्रामबर्गमध्ये मोठ्या प्रमाणावर केलं. १८९० मध्ये तारा कंपनीची खूण झाला. १९०० मध्ये थॉमस हालर ही दुसरी घड्याळ कंपनी सोबत आली. १९०३ पर्यंत ३,००० हून जास्त कामगार आणि वर्षाला ३० लाखांवर घड्याळं! तेव्हा हा जगातला सगळ्यात मोठा घड्याळ कारखाना होता.

याची किंमत कोणी मोजली?

घरी बसून घड्याळं बनवणाऱ्यांनी. मशीनशी स्पर्धा करणं त्यांना जमलं नाही. ज्यांच्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं, त्यातल्या अनेकांना कारखान्यात पगारावर जावं लागलं. दुसरीकडे, साध्या कामगाराच्या घरातही आता गजराचं घड्याळ आलं. दोन्ही गोष्टी एकाच मशीनमुळे झाल्या. एआयबद्दल आज आपण जे वाद घालतो, ते तेव्हाही काही वेगळे नव्हते.

आर्थर १९२० मध्ये गेला. पण गंमत बघा: स्वस्तात ढिगाने बनवलेलं ते घड्याळ आजही उघडता येतं. एक चाक तुटलं तर तशाच दुसऱ्या बंद घड्याळातलं काढून लावता येतं, कारण भाग एकसारखे आहेत. आपल्या फोनचे भागही एकसारखेच असतात, पण बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते. म्हणजे अडचण मास प्रॉडक्शनची नाही. वस्तू पुन्हा उघडता यावी की नाही, हे बनवणारा ठरवतो.

जाता जाता एक टिप: कुणाकडे असं ठोके देणारं जुनं घड्याळ दिसलं, तर आतल्या यंत्रावर तारा शोधा. काही यंत्रांवर ‘ए’ किंवा ‘बी’ अक्षर आणि दोन आकडे असतात. ‘बी’ आणि ११ म्हणजे १९११ चं दुसरं अर्धवर्ष. ‘ए’ असेल तर पहिलं.