शिरोडकर टाका : वारंवार गर्भपाताचे एक कारण शोधणारे डॉक्टर

चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ पडतो. फारशा कळा येत नाहीत, गर्भाची वाढही नीट झालेली असते. पुन्हा दिवस राहतात, पुन्हा तेच घडते. मग कोणी बाईच्या नशिबाला बोल लावतो, तर कोणी तिने उचललेल्या हंड्याला. यामागे शरीरातला एक नेमका दोष असू शकतो हे ओळखून त्यावर शस्त्रक्रिया शोधणारे डॉक्टर म्हणजे विठ्ठल नागेश शिरोडकर.

गोव्यातून मुंबईत

शिरोडकरांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडा गावचा. शालेय शिक्षण हुबळीत झाले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते १९२३ मध्ये एमबीबीएस आणि १९२७ मध्ये एमडी झाले. १९३१ मध्ये इंग्लंडमधून एफआरसीएस होऊन ते परतले आणि पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रसूती व स्त्रीरोगशास्त्राचे प्राध्यापक झाले.

टाका काय करतो?

गर्भाशयाचे मुख बाळंतपणापर्यंत मिटलेले असावे लागते. काही स्त्रियांत ते वेळेआधीच सैल पडून उघडते. शिरोडकरांनी रुग्णाच्याच मांडीतील स्नायूंवरच्या चिवट आवरणाची पट्टी काढली आणि तिने हे मुख वरच्या बाजूला बांधले. १९५५ मध्ये मद्रासच्या 'द अँटिसेप्टिक' या वैद्यकीय मासिकात त्यांनी ही पद्धत मांडली. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियातील इयन मॅकडोनाल्ड यांनी टाक्याची सोपी पद्धत दिली. आज मांडीतील पट्टीऐवजी कृत्रिम धागा किंवा फीत वापरतात. टाका बहुधा १२ ते १४ आठवड्यांदरम्यान घालतात आणि ३६-३७ व्या आठवड्यात काढतात.

मुख सैल का पडते?

आधीच्या बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेत झालेली इजा हे एक कारण. काहींच्या गर्भाशयाची घडणच जन्मतः वेगळी असते. एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोमसारख्या आनुवंशिक आजारात उतींना बळकटी देणारे कोलॅजन कमकुवत असते. अशा स्त्रियांनाही हा धोका संभवतो. अनेकदा मात्र कारण सापडत नाही.

प्रत्येक गर्भपातावर टाका नाही

पहिल्या तीन महिन्यांतील सुमारे निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतील बिघाडामुळे होतात. ताब्यात नसलेला मधुमेह आणि थायरॉइडचे विकार यांमुळेही गर्भ जाऊ शकतो. तिथे टाक्याचा उपयोग नाही. गुणसूत्रांची तपासणी, साखर व थायरॉइडवर उपचार हा मार्ग वेगळा. सरसकट एकाच नावाखाली मोडणाऱ्या गर्भपातांतून एक कारण शिरोडकरांनी वेगळे काढले, हे त्यांच्या कामाचे मोल.

त्यांना १९६० मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळाले. ७ मार्च १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईपासून कराडजवळच्या मलकापूरपर्यंत, जिथे वैद्यकीय महाविद्यालय आहे तिथे स्त्रीरोगशास्त्र शिकताना विद्यार्थ्यांची त्यांच्या आडनावाशी गाठ पडतेच.

काय लक्षात ठेवावे?

चौथ्या ते सहाव्या महिन्यात एकदा जरी गर्भ गेला असेल, तर पुढच्या वेळी दिवस राहताच डॉक्टरांना तो कितव्या आठवड्यात आणि कसा गेला, हे सांगावे. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या मुखाची लांबी मोजता येते. टाका घालायचा की औषध द्यायचे, हे त्यावरून आणि आधीच्या इतिहासावरून ठरते.