कोण होते अल्बर्ट श्वाइत्झर? खुराड्यात दवाखाना थाटणारा डॉक्टर
तत्त्वज्ञ, धर्मशास्त्रज्ञ आणि नामवंत ऑर्गनवादक असलेल्या श्वाइत्झर यांनी वयाच्या ३०व्या वर्षी डॉक्टरकीचे शिक्षण सुरू केले. पॅरिसच्या मिशनला त्यांची धर्ममते खटकत होती. त्यामुळे प्रवचन नाही, फक्त उपचार, या अटीवर परवानगी मिळाली.

१९१३ मध्ये पत्नी हेलेन यांच्यासह ते आजच्या गॅबनमधील लांबारेने येथे पोहोचले. पहिला दवाखाना कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात थाटला. महायुद्धात फ्रेंच वसाहतीतले जर्मन नागरिक म्हणून दोघांना नजरकैद झाली. तरीही १९२४ मध्ये ते परतले. नोबेल शांतता पुरस्काराची रक्कम त्यांनी कुष्ठरुग्णांच्या वसाहतीसाठी वापरली.

आफ्रिकी माणसाला त्यांनी बरोबरीचे मानले नाही, ही टीका आजही होते. १९६५ मध्ये लांबारेनेतच त्यांचे निधन झाले. रुग्णालय मात्र सुरूच आहे.