राघोबादादा : अटकेपासून कोपरगावापर्यंत

स्नेहसंमेलन जवळ आले की कुणालातरी खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'ची आठवण होते. रामशास्त्र्यांचे काम करावयास सारेच तयार असतात. आनंदीबाईसाठीही चुरस असते. राघोबादादा मात्र ज्याच्या वाट्याला येतो त्याचा चेहरा पडतो. बायकोच्या मुठीतला, लोभी, डळमळीत मनाचा एक उतारवयाचा माणूस उभा करावयाचा, एवढीच त्या भूमिकेची सर्वसाधारण समजूत. वास्तविक नारायणरावाचा खून झाला तेव्हा दादासाहेबांचे वय एकोणचाळीस वर्षांचे होते, आणि त्यांच्या नावावर असा एक पराक्रम जमा होता की त्याचे नाव आजही आपण भाषणात घेतो. अटकेपार झेंडा लावणारा आणि इंग्रजांना पुण्याची वाट दाखविणारा हे दोन गृहस्थ नसून एकच आहेत, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. या एका माणसाचा प्रवास कसा झाला ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रघुनाथराव हे थोरल्या बाजीरावांचे व काशीबाईंचे चिरंजीव, नानासाहेब पेशव्यांचे धाकटे भाऊ. जन्म १७३४ साली साताऱ्याजवळ माहुलीस झाला. १७४० च्या एप्रिलात वडील गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस चुलते चिमाजीअप्पाही गेले. या चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून १७३७ साली ठाणे व साष्टी घेतली आणि १७३९ साली, हजारो माणसे खर्ची घालून, वसईचा किल्ला घेतला. ही गोष्ट वाचकांनी जवळ ठेवावी. पुढे ती आपल्याला लागणार आहे.

तरुणपणी दादासाहेबांची तलवार चांगली चालली. १७५३ साली दमाजी गायकवाडाच्या साहाय्याने त्यांनी अहमदाबाद घेतले. १७५७ साली ते उत्तरेत गेले, दिल्लीत नजीबखानाला वाकविले, आणि १७५८ च्या मार्चात सरहिंद व एप्रिलात लाहोर घेतले. अब्दालीचा मुलगा तैमूरशहा पळत सुटला व मराठी घोडी त्याच्या पाठीवर अटकेपर्यंत गेली. दादासाहेब स्वतः लाहोरच्या पुढे गेले नाहीत, तथापि स्वारी त्यांची होती, तेव्हा श्रेय त्यांना देण्यास हरकत नसावी.

पण ही सारी कीर्ती उधारीची होती. पंजाबची व्यवस्था त्यांनी आदिनाबेगाकडे सोपविली. त्याने वर्षाला पंचाहत्तर लाख देण्याचे कबूल केले होते, आणि तो काही महिन्यांतच मरण पावला. दादासाहेब पुण्यास परतले ते खजिना घेऊन नव्हे. सुमारे ऐंशी लाखांचे कर्ज त्यांनी बरोबर आणले होते. सदाशिवरावभाऊ हिशेबाला अत्यंत कडक माणूस. घरात बोलाचाली झाल्या आणि पुढच्या उत्तरेच्या मोहिमेवर दादांच्या ऐवजी भाऊच निघाले. ती मोहीम म्हणजे पानिपत. दादासाहेब गेले असते तर काय झाले असते, हा वाद आपल्याकडे चहाच्या टपरीवरही रंगतो; त्यात मी पडत नाही. मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. मोठा शब्द द्यावा, त्याची किंमत पुढे कधीतरी व कुणीतरी चुकवावी, ही खोड त्यांना अटकेच्या वेळीच जडलेली होती. पुढचे सारे आयुष्य त्या खोडीचा विस्तार आहे.

पानिपताच्या धक्क्याने १७६१ च्या जूनमध्ये नानासाहेब वारले. पेशवाईची वस्त्रे सोळा वर्षांच्या माधवरावांना मिळाली. काकांचे वय सत्तावीस. सोळा वर्षांच्या पुतण्यापुढे अटकेच्या वीराने मुजरा करावा, हे त्यांना मानवले नाही, आणि माणसाच्या दृष्टीने पाहिले तर ते मानवणे कठीणच होते. पेशवाई बापाकडून मुलाकडे जावी हा प्रघात पडला होता खरा. पण कर्त्या चुलत्याने किती कारभार पाहावा, कुठे थांबावे, याचा नियम त्या घरात कधी ठरलाच नव्हता. बाजीराव-चिमाजीअप्पा, नानासाहेब-सदाशिवराव अशा जोड्यांनी केवळ परस्परांच्या जिव्हाळ्यावर गाडा ओढला. जिव्हाळा संपला तेव्हा खाली आधाराला काही नव्हते.

१७६२ साली दादासाहेब रुसून पुण्याबाहेर पडले आणि त्यांनी निजामाची मदत घेतली. नोव्हेंबरात घोडनदी व आळेगाव येथे घरच्याच फौजा एकमेकींवर पडल्या. माधवरावांचा मोड झाला. तेव्हा त्या पोराने जे केले ते विलक्षण आहे. परक्याने घर लुटण्यापेक्षा काकांच्या हाती जाणे बरे, असा विचार करून तो आपण होऊन चुलत्याच्या गोटात गेला व स्वाधीन झाला. दादासाहेबांनी कारभार घेतला आणि जुने हिशेब चुकते करण्यास आरंभ केला. दुखावलेले सरदार निजामाला मिळाले, आणि १७६३ साली निजामाच्या फौजेने पुणे लुटून जाळले. कालचा मदतनीस आज घर जाळतो, हा धडा यापेक्षा स्पष्ट कोणता असू शकतो? त्या वर्षी १० ऑगस्टला राक्षसभुवनाच्या लढाईत पुतण्याने निजामाला झोडपून पारडे फिरविले व काकांनाही संकटातून सोडविले. एका वर्षाच्या आत चूक भरून निघाली. माझ्या मते घात झाला तो येथेच. परक्याला बोलावले तरी शेवटी सगळे निभावते, असा त्या अनुभवाचा अर्थ दादासाहेबांनी घेतला असावा.

पुढची दहा वर्षे थोडक्यात सांगता येतील. पुन्हा तंटे, पुन्हा समेट, पुन्हा कर्ज. १७६८ च्या जूनमध्ये नाशिककडील धोडपच्या किल्ल्यापाशी माधवरावांनी त्यांचा पराभव केला व शनिवारवाड्यात आणून नजरकैदेत ठेवले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवरावांचा क्षयाने अंत झाला. जाण्यापूर्वी त्यांनी धाकट्या नारायणरावाला काकांच्या ओटीत घातले. काही महिन्यांतच नारायणरावांनी काकांना पुन्हा वाड्यात अडकविले, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, पगार थकलेले गारदी वाड्यात शिरले. अठरा वर्षांचा पेशवा धावत काकांच्या खोलीत गेला व त्यांना बिलगला. तेथेच त्याला कापून काढण्यात आले.

येथे आपली लोककथा एका अक्षराच्या फेरफारापाशी येऊन थांबते. दादांनी धरावयास सांगितले होते, आनंदीबाईने मारावयास केले, ही हकिकत पोरासोरांनाही पाठ आहे. मला ती नेहमी सोयीची वाटली आहे. तिच्यामुळे कटात असलेल्या साऱ्या पुरुषांचे ओझे एका बाईच्या माथ्यावर जाते, आणि पेशव्यांच्या घरातला कर्ता पुरुष नुसता दुबळा ठरून सुटतो. कैदेतून सुटण्यासाठी थकलेल्या पगाराच्या गारद्यांना हाताशी धरावयाचे, पेशव्याला पकडण्यास संमती द्यावयाची, आणि नंतर रक्त सांडले म्हणून हळहळावयाचे, यात अक्षर बदलण्याची गरजच कोठे उरते? रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली तेव्हा त्यांना ही सोय सुचली नाही. त्यांनी दोष सरळ दादासाहेबांवर ठेवला आणि पुणे सोडले. स्नेहसंमेलनात आपण टाळ्या देतो त्या या प्रसंगाला. तरीही घरी जाताना आनंदीबाईलाच शिव्या घालतो, याची मौज वाटते.

दादासाहेब पेशवे झाले, पण काही महिनेच. सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके आदी मंडळींनी बारभाईंचे कारस्थान रचले. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदरावर नेऊन तिच्या नावे कारभार सुरू झाला. १७७४ च्या मार्चात पंढरपूरजवळ कासेगावास दादांनी बारभाईंच्या त्रिंबकराव पेठ्यांचा पराभव केला. लढाईचा हात अजून गेला नव्हता. पण १८ एप्रिलला पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि दादांच्या बाजूला कोणी उरेना. ते उत्तरेकडे वळले. आनंदीबाईंना धारला ठेवले आणि स्वतः गुजरातेत उतरले. तेथे मुंबईकर इंग्रज वाटच पाहत होते.

या इंग्रजांना साष्टी आणि वसई हवी होती, आणि ती आजची इच्छा नव्हती. मुंबईचे बेट लहान. धान्य, जनावरे, लाकूड सारे बाहेरून यावयाचे. आणि समोरचा किनारा मराठ्यांचा. पुण्यात वकील ठेवून त्यांनी हा मुलूख मागून पाहिला होता, मिळाला नव्हता. आता मागणारा घरचाच कुणी भेटला. तरीही एक गोष्ट मुद्दाम नमूद करावयास हवी. दादांशी बोलणी पुरी होण्याआधीच, डिसेंबर १७७४ अखेर, इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. म्हणजे जे विकत घ्यावयाचे ते आधीच घरात आणून ठेवले आणि विकणाऱ्याची सही मागाहून घेतली.

ती सही ६ मार्च १७७५ रोजी सुरतेच्या तहावर झाली. साष्टी, वसई, मुंबईजवळची लहान बेटे, गुजरातेत जंबुसर व ओलपाड इंग्रजांना. बदल्यात अडीच हजार फौज. तिचा खर्च महिन्याला दीड लाख दादांनी द्यावयाचा, आणि रोकड नव्हती म्हणून सहा लाखांचे जवाहीर गहाण. चिमाजीअप्पांनी माणसांच्या जीवावर घेतलेली वसई पुतण्याने फौजेच्या भाड्यात लिहून दिली. निजाम आणि कंपनी यांतला भेद येथे दादांना उमगला नाही. निजामाशी केलेला करार एका लढाईने पुसता येत असे. कंपनीपाशी गव्हर्नर मेला तरी दप्तर मरत नाही. तहाचा कागद जपून ठेवला जातो आणि वीस-पंचवीस वर्षांनीही तो पुढे येतो.

१८ मे १७७५ रोजी गुजरातेत अडासच्या मैदानावर कर्नल कीटिंगच्या पलटणींनी हरिपंतांना मागे हटविले. तथापि कलकत्त्याला हा तह पसंत पडला नाही. १७७३ च्या कायद्याने मुंबईवर कलकत्त्याचा अधिकार बसला होता. वकील अप्टन आला आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. त्याअन्वये दादांनी फौज मोडून, तनखा घेऊन, गोदावरीकाठी कोपरगावास राहावयाचे होते. दादांनी हे नाकारले व मुंबईत इंग्रजांच्या आश्रयास राहिले. कोपरगावची ही बोलावणी त्यांनी तेव्हा स्वीकारली असती तर पुढची सहा वर्षांची लढाई टळली असती की नाही, सांगवत नाही. मुंबईकरांना दुसरे निमित्त सापडलेच असते. पण आपण निमित्त न होणे तरी त्यांच्या हाती होते.

१७७८ च्या अखेरीस मुंबईहून सुमारे चार हजारांची फौज दादांना गादीवर बसविण्यास निघाली. बरोबर एकोणीस हजार बैल होते. बोरघाट चढून दिवसाला जेमतेम मैल-दोन मैल चाल. आपण घाटावर दिसताच सरदार येऊन मिळतील, असा शब्द दादांनी दिला होता. एकही आला नाही. महादजी शिंदे व तुकोजी होळकर यांनी समोर येऊन लढण्याऐवजी वाटेतला दाणागोटा नाहीसा केला. कार्ल्यापाशी कॅप्टन स्टुअर्ट गोळा लागून पडला. आपल्या लोकांनी त्याला इष्टुर फाकडा असे कौतुकाचे नाव दिले, आणि शत्रूच्या त्या शूर माणसाची समाधी मावळात लोकांनी पुजली. ज्याच्यासाठी तो मेला त्या दादासाहेबांची आठवण मात्र तिकडे कुणी तशी ठेवली नाही. ९ जानेवारी १७७९ ला इंग्रज तळेगावला पोचले तो गाव ओसाड. दोन दिवसांनी तोफा तळ्यात ढकलून रात्री माघार घेतली, वडगावला कोंडी झाली आणि शरणागतीचा करार करावा लागला. दादासाहेब महादजींच्या स्वाधीन झाले. मुंबईकरांनी करार मात्र लगेच झुगारला. सही करणाऱ्यांना अधिकारच नव्हता म्हणे.

महादजींनी दादांना झाशीकडे रवाना केले. वाटेत नर्मदेपाशी ते पहारेकऱ्यांच्या हातून निसटले आणि सुरतेस जनरल गॉडर्डकडे पोचले. पंचेचाळिशीतला हा माणूस पुन्हा त्याच सुरतेत, त्याच दाराशी उभा राहिला. आता सौदा करावयास त्यांच्यापाशी उरलेच काय होते? १७८१ साली त्यांचे वकील, हणमंतराव नावाचा ब्राह्मण व त्याच्याबरोबर पारशी मंडळी, थेट लंडनला जाऊन धडकले. परक्या देशात ब्राह्मणाच्या सोवळ्याचे हाल होऊ लागले तेव्हा एडमंड बर्कने त्यांना आपल्या घरी नेले आणि बागेतल्या काचेच्या घरात स्वयंपाकाची सोय करून दिली. चूल पेटली, एवढेच. राज्य मिळाले नाही.

कारण लढणारे दोन्ही पक्ष थकले होते. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे महादजींच्या मध्यस्थीने तह झाला. वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी इंग्रजांकडेच राहिली, आणि इंग्रजांनी दादासाहेबांचा हात सोडला. त्यांना महिन्याला पंचवीस हजारांचा तनखा ठरला. सात वर्षे ज्याच्या नावाने युद्ध चालले, त्याला तहात एवढीच जागा मिळाली. साष्टीची किंमत वसूल झाल्यावर गहाणवटाची गरज कोणाला राहणार?

दादासाहेब कोपरगावास येऊन राहिले; सहा वर्षांपूर्वी नाकारलेले तेच गोदाकाठचे गाव. तेथे ते फार दिवस जगले नाहीत. ११ डिसेंबर १७८३ रोजी, वयाच्या पन्नाशीच्या आत, त्यांचा अंत झाला. आनंदीबाई तेव्हा गरोदर होत्या. नानांच्या पहाऱ्यात आणखी दहा वर्षे काढून त्या १७९४ साली नाशिकजवळ आनंदवल्लीस वारल्या.

वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलाचे नाव चिमाजी ठेवले गेले. वसई जिंकणाऱ्या चुलत्याचेच ते नाव. थोरला मुलगा बाजीराव, दादा सुरतेच्या वाटेवर असताना धारला जन्मलेला, १७९६ साली पेशवा झाला. यशवंतराव होळकराने पुण्यापाशी त्याचा पराभव केला तेव्हा तो कोकणात उतरून इंग्रजांच्या जहाजात बसला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांची सहा हजार फौज कायमची पदरी बाळगण्याच्या तहावर सही केली. ती सही झाली वसईत.