जनरल गॉडर्ड आणि बोरघाट

परकीय सेनापतीच्या चरित्रापासून आम्हीं काय घ्यावें, असा प्रश्न कित्येक स्वाभिमानी वाचक करितील. आमचें उत्तर असें कीं, शत्रूच्या जयापजयांतच आपल्या गुणदोषांचा पुरावा मिळतो. जनरल थॉमस गॉडर्ड याचें चरित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. कारण पाताळगंगेच्या ज्या खोऱ्यांत आजची रसायनी वसली आहे, त्याच मुलुखांत त्याच्या कीर्तीस ओहोटी लागली.

इ. स. १७७८ मध्यें मुंबईकर इंग्रजांच्या मदतीस गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज यानें काल्पीहून फौज रवाना केली. तिचा नायक लेस्ली ऑक्टोबरांत मरण पावला व अधिकार गॉडर्डकडे आला. भोपाळच्या नबाबानें त्यास साह्य केलें. नागपूरकर भोसल्यांनीं वाट अडविली नाहीं. जानेवारी १७७९ मध्यें वडगांवास मुंबईकरांनीं हार खाऊन तह केला, तेव्हां तो तह आपणांस बांधीत नाहीं अशी वकिली सबब सांगून गॉडर्ड फेब्रुवारींत सुरतेस दाखल झाला.

कलकत्त्यानें त्यास पुणें दरबाराशीं तह करण्याचेही अधिकार दिले होते. राघोबादादा स्वाधीन करा व साष्टी सोडा, ही नाना फडणविसांची मागणी त्यास मान्य नव्हती. बोलणें फिसकटलें. जानेवारी १७८० मध्यें फत्तेसिंग गायकवाड त्यास मिळाला व फेब्रुवारींत अहमदाबाद पडलें. डिसेंबरांत वसईही गेली. शौर्य व दूरदृष्टि या सेनापतीच्या अंगीं होती, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों. परंतु गुजराथेंतील त्याच्या यशांत आमच्या घरच्या फुटीचाही वांटा होता.

फेब्रुवारी १७८१ मध्यें बोरघाटाचा माथा घेऊन त्यानें पायथ्याशीं खोपोलीस तळ दिला. आतां नाना नमतील असा त्याचा अंदाज होता. नाना नमले नाहींत. घाटावर हरिपंत फडके व तुकोजी होळकर उभे राहिले. खालीं कोंकणांत परशुरामभाऊ पटवर्धनांनीं पनवेलीहून येणाऱ्या रसदेवर छापे घातले. अखेर एप्रिलांत गॉडर्ड पनवेलीकडे हटला. झाडींतून व टेकड्यांतून मराठे त्याच्या पिछाडीस सारखे झोंबत होते. त्या माघारींत त्याचीं ४०० हून अधिक माणसें मेलीं वा जखमी झालीं. मे १७८२ च्या सालबाईच्या तहानें वसई व अहमदाबाद परत आलीं; साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. प्रकृति खालावलेला गॉडर्ड स्वदेशीं निघाला, पण जुलै १७८३ मध्यें इंग्लंडचा किनारा जवळ येतां येतां जहाजावरच वारला.

सेनापति तोच आणि त्याचे बहुसंख्य हिंदी शिपाईही तेच. मग गुजराथेंत जय आणि बोरघाटांत पराजय कां? फरक आमच्या बाजूस पडला होता. एकानें आघाडी धरावी, दुसऱ्यानें रसद तोडावी आणि तिसऱ्यानें दरबार सांभाळावा, ही शिस्त आम्हीं पाळली तेव्हां आम्ही जिंकलों. ती शिस्त व्यक्तींच्या वजनावर टिकली होती, संस्थेच्या नियमांवर नव्हे. म्हणून त्या व्यक्ति गेल्या आणि शिस्तही गेली. ज्या पुण्यास गॉडर्डच्या तोफा पोंचल्या नाहींत, त्याचे दरवाजे १८०२ च्या वसईच्या तहावर सही करून दुसऱ्या बाजीरावानें आपण होऊन उघडले. बोरघाटाचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं ती सहीही विसरूं नये.