चार्लीची आई

‘अंकल टॉम्स केबिन’ हे नाव आपल्यापैकी बऱ्याचजणींनी ऐकलेलं असतं. मुलांच्या जनरल नॉलेजच्या पुस्तकात तरी नक्कीच. लेखिका कोण? हॅरिएट बीचर स्टो. पाठ केलेलं उत्तर! पण ही बाई सात मुलांची आई होती, प्राध्यापक नवऱ्याच्या तुटपुंज्या पगारात संसार रेटत होती आणि अगदी चाळिशीच्या उंबरठ्यावर तिनं ही कादंबरी लिहायला घेतली, हे कुणी सांगत नाही.

हॅरिएटचा जन्म १४ जून १८११चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात लिचफिल्ड गावी. वडील लायमन बीचर नावाजलेले धर्मोपदेशक. आई गेली तेव्हा हॅरिएट पाच वर्षांची होती. पोर हुशार, पण ही मुलगा असती तर बरं झालं असतं, असं वडिलांना वाटायचं आणि ते तसं बोलूनही दाखवायचे. (हे काही फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही बरं का!) थोरली बहीण कॅथरीन मात्र खमकी. तिनं हार्टफर्डला मुलींची शाळा काढली. हॅरिएट तिथेच शिकली आणि तिथेच शिकवायलाही लागली.

१८३२ साली वडिलांना ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात नोकरी मिळाली आणि अख्खं कुटुंब तिकडे गेलं. या शहराला लागूनच ओहायो नदी वाहते. नदीच्या अलीकडे गुलामगिरीला बंदी आणि पलीकडे केंटकी राज्यात माणसांची खरेदी-विक्री कायदेशीर! रात्री-अपरात्री लोक जीव मुठीत धरून ही नदी ओलांडायचे. एका कडाक्याच्या थंडीत एक आई पोराला छातीशी धरून, फुटत्या बर्फावर पाय टाकत पलीकडून आली होती. ही हकिगत हॅरिएटच्या कानावर आली आणि पुढे तीच कादंबरीतली एलायझा झाली.

१८३६मध्ये तिनं कॅल्विन स्टो यांच्याशी लग्न केलं. तिच्या वारलेल्या मैत्रिणीचे ते पती. पहिल्याच खेपेला जुळ्या मुली झाल्या, त्यातल्या एकीला त्या मैत्रिणीचं नाव ठेवलं. कॅल्विन मोठे विद्वान, पण पगार बेताचा आणि प्रकृतीच्या तक्रारी कायमच्या. मग मासिकांत लिहून हॅरिएट चार पैसे मिळवायची, त्यातून घरकामाला बाई ठेवता यायची. १८४२ साली तिनं नवऱ्याला पत्रातून स्पष्टच कळवलं की लिहायचं असेल तर मला स्वतःची खोली हवी. तोपर्यंत लिखाण चालायचं ते रडणारं मूल आणि चुलीवरचं भांडं यांच्या मधेच.

कामाला येणाऱ्या काळ्या बायकांशी ती बोलत असे. स्वयंपाकाला असलेली एकजण पूर्वी केंटकीत गुलाम होती. तिच्या मुलांचा बाप तिचा नवराच असणार, असं हॅरिएटनं गृहीत धरलं होतं. बाप होता तो मालक. गुलाम बाईला नाही म्हणायची सोयच नव्हती! आणखी एक मुलगी त्यांच्या घरी काम करत होती. तिचा मालक तिला शोधत शहरात आल्याचं कळलं, तेव्हा कॅल्विन आणि हॅरिएटचा भाऊ यांनी तिला रातोरात घोडागाडीतून दूरच्या सुरक्षित घरी पोचवलं.

मग आलं १८४९ साल. सिनसिनाटीत कॉलऱ्याची साथ पसरली. कॅल्विन उपचारासाठी दूर व्हरमाँटला गेलेले. घरात हॅरिएट एकटी आणि पदरात मुलं. धाकटा चार्ली दीड वर्षाचा. जुलैच्या अखेरीस तो गेला. मरणयातनांत तडफडणारं बाळ आणि आई काही करू शकत नाही... त्याच्या मरणशय्येपाशी आणि कबरीपाशी आपल्याला उमगलं की पोटचं पोर हिसकावून नेल्यावर गुलाम आईला काय होत असेल, असं तिनं पुढे एका पत्रात लिहिलं. एका परीनं या कादंबरीचं बी तिथेच पडलं, असं मला वाटतं. चार्लीला रोगानं नेलं. पण बाजारात विकलं जाणारं मूल जिवंत असायचं, कुठंतरी मोठं होत असायचं, आणि आईला ते परत दिसायचं नाही.

पुढच्याच वर्षी कॅल्विनना मेन राज्यातल्या ब्रन्सविकला नोकरी मिळाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पळालेल्या गुलामांविषयीचा नवा कायदा झाला. पळून आलेल्याला आसरा द्याल तर हजार डॉलर दंड आणि सहा महिने कैद. पकडलेल्याला स्वतःची बाजू मांडायला बंदी. आणि कमाल म्हणजे, निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यानं त्याला गुलाम ठरवलं तर दहा डॉलर फी, मोकळं सोडलं तर पाचच! तेव्हा देशात सुमारे ३२ लाख माणसं गुलाम होती.

वहिनीनं पत्र लिहून तिला गळ घातली, तुझ्यासारखं लिहिता येत असतं तर मी गप्प बसले नसते अशा अर्थाची. तेव्हा हॅरिएटच्या मांडीवर तान्हं मूल होतं. १८५१च्या सुरुवातीला चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेली असताना फटक्यांनी मरणाऱ्या एका म्हाताऱ्या गुलामाचं दृश्य तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तोच टॉम. जून १८५१पासून वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल इरा’ साप्ताहिकात कादंबरी क्रमशः छापून येऊ लागली. थोड्या भागांत संपेल असं वाटलं होतं, चाळीसच्या वर भाग झाले! मार्च १८५२मध्ये पुस्तक आलं. एक रेशमी पोशाख घेण्याइतके पैसे सुटले तरी पुरे, एवढीच घरची अपेक्षा होती. पहिल्या वर्षात अमेरिकेतच तीन लाख प्रती खपल्या.

दक्षिणेत आगडोंब उसळला. हे सगळं खोटं आहे, असा ओरडा झाला, तेव्हा तिनं १८५३ साली पुरावे देणारं वेगळं पुस्तकच काढलं. १८५७मध्ये मेरीलँड राज्यात सॅम्युअल ग्रीन नावाच्या स्वतंत्र काळ्या धर्मोपदेशकाला, ही कादंबरी घरात सापडली म्हणून दहा वर्षांची सजा झाली. एक कादंबरी घरात ठेवली म्हणून! इंग्लंडमध्ये मात्र पाच लाखांहून जास्त बायकांनी अमेरिकेतल्या बहिणींना गुलामगिरी मोडण्याची विनंती करणाऱ्या पत्रावर सह्या केल्या. त्या सह्यांचे २६ खंड हॅरिएटच्या हाती पडले.

आता एक न आवडणारी गोष्टही सांगायला हवी. हॅरिएट जेकब्स नावाची, गुलामीतून पळालेली एक बाई होती. मालकाच्या वासनेपासून वाचायला ती आजीच्या घराच्या माळ्यावर, धड उभंही राहता येत नाही अशा जागेत, जवळजवळ सात वर्षं लपून राहिली होती. आपली कहाणी लिहायला मदत मिळावी म्हणून तिनं मैत्रिणीमार्फत आपल्या या लेखिकेकडे विचारणा केली. हॅरिएटनं काय करावं? खरं-खोटं पडताळायला ते पत्र जेकब्सच्या मालकिणीकडेच पाठवलं. लग्नाबाहेर झालेल्या मुलांविषयी जेकब्सनं त्या बाईंना कधी एक शब्द सांगितला नव्हता. शिवाय ही कहाणी आपल्याच पुस्तकात घालू, असा हॅरिएटचा विचार. जेकब्स दुखावली. मग तिनं रात्री जागून स्वतःच लिहिलं, आणि १८६१ साली तिचं पुस्तक आलं. दुसऱ्या आईचं दुःख इतकं ओळखणारी बाई इथं कशी चुकली, याचा मला अजून उलगडा होत नाही.

खुद्द टॉमचंही पुढे असंच झालं. कादंबरीतला टॉम दोन पळालेल्या बायकांचा ठावठिकाणा सांगत नाही म्हणून मार खाऊन मरतो. पण रंगभूमीवर गोऱ्या नटांनी तोंडाला काजळी फासून त्याला लाचार म्हातारा करून टाकलं. त्या नाटकांवर हॅरिएटचा कायद्यानं काही हक्क नव्हता, एक पैसाही तिला मिळाला नाही. आणि अमेरिकेतल्या काळ्या समाजात अंकल टॉम ही चक्क शिवी झाली.

१८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं आणि गुलामगिरी कायद्यानं संपली. त्या लढ्याची दखल पुण्यातही घेतली गेली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक तिथल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं.

हॅरिएटच्या घरात मात्र सुख फार टिकलं नाही. थोरला हेन्री १८५७मध्ये कॉलेजात असताना नदीत बुडाला. फ्रेडरिक गेटिसबर्गच्या लढाईत जखमी झाला, दारूच्या आहारी गेला आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोला गेला तो परत आलाच नाही. शेवटची वर्षं तिनं हार्टफर्डला काढली. लेखक मार्क ट्वेन शेजारी राहायचे. तिची स्मृती गेली होती. शेजाऱ्यांच्या घरांत ती न सांगता शिरायची, बागेतली फुलं तोडायची, मधेच पियानोवर बसून जुनी गाणी म्हणायची. १ जुलै १८९६ रोजी, ८५व्या वर्षी ती गेली. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरला नवऱ्याच्या आणि हेन्रीच्या शेजारी तिला पुरलं.