डॉ. ॲलन व्हिपल : एका शस्त्रक्रियेमागचा माणूस

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझ्या थोरल्या मामांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. पोटात दुखत नव्हते, म्हणून कोणी फारसे मनावर घेतले नाही. काविळीची माळ घातली; माळ वाढत गेली, डोळे मात्र निवळले नाहीत. अखेर शहरात नेल्यावर स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ निघाली. केसपेपरवर डॉक्टरांनी इंग्रजीत एक शब्द लिहिला होता : व्हिपल. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच, आणि मला ते औषधाचे नाव वाटले!

ते माणसाचे नाव होते. ॲलन ओल्डफादर व्हिपल यांचा जन्म १८८१ साली इराणमधील उर्मिया येथे झाला. आईवडील अमेरिकन मिशनरी होते. १९०४ साली प्रिन्स्टनची पदवी घेऊन १९०८ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टर झाले आणि १९२१ पासून १९४६ पर्यंत तेथेच शल्यशास्त्राचे प्राध्यापक होते.

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवे असते. त्याचे डोके लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेले असून पित्तनलिका त्यातूनच जाते. तेथे गाठ झाली की पित्त तुंबते आणि कावीळ होते. ही गाठ काढायची म्हणजे आतड्याचे ते वळण, पित्तनलिकेचे टोक, बहुधा जठराचा थोडा भागही काढावा लागतो, आणि उरलेली तोंडे पुन्हा आतड्याला जोडावी लागतात. बर्लिनच्या वॉल्टर काउश यांनी १९०९ साली हे धाडस केले होते. त्यांचा रुग्ण काही महिने जगला.

व्हिपल यांनी १९३५ साली आपल्या दोन सहकाऱ्यांसह तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. पहिला रुग्ण शस्त्रक्रियेनंतर लवकरच दगावला होता. स्वादुपिंडाचा रस मांस पचवतो, मग प्राण्यांच्या आतड्यापासून केलेला कॅटगटचा टाका त्यापुढे काय टिकणार? जोड सुटला. व्हिपल यांनी हे अपयश झाकून न ठेवता छापले आणि पुढे रेशमी धागा वापरला. मला वाटते, त्यांचे मोठेपण येथे आहे. तिसरा रुग्ण सुमारे दोन वर्षे जगला.

दुसरी अडचण रक्तस्रावाची. पित्त आतड्यात उतरले नाही तर के जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि रक्त गोठत नाही. म्हणून आधी पित्ताला वाट करून द्यायची, मग काही आठवड्यांनी गाठ काढायची, असे दोन टप्पे ते करीत. १९४० साली मात्र, जठराचा कर्करोग समजून पाहुण्या डॉक्टरांदेखत त्यांनी एक पोट उघडले, तो गाठ स्वादुपिंडात निघाली! रुग्णाला कावीळ नव्हती. त्यांनी सारे एकाच बैठकीत उरकले, आणि तो रुग्ण सुमारे नऊ वर्षे जगला. त्याच सुमारास के जीवनसत्त्व औषध म्हणून मिळू लागल्याने कावीळ झालेल्यांवरही एका बैठकीत शस्त्रक्रिया शक्य झाली.

एवढे असूनही त्यांनी ही शस्त्रक्रिया आयुष्यात अवघी ३७ वेळा केली. आज अनुभवी रुग्णालयांत तिने शंभरात पाचांहून कमी रुग्ण दगावतात. पण जोडातून रस झिरपणे, जठर आठवडेच्या आठवडे रिते न होणे, ही दुखणी अजून पाठ सोडत नाहीत. मामांच्या पोटातल्या नळीतून तीन आठवडे रस येत होता. मामी रोज बाटलीवरच्या रेघा पाहायची. आता ते अर्धी भाकरी खातात, जेवताना पाचक कॅप्सूल घेतात. तपासण्या चालू आहेत.

एक गोष्ट खटकते. व्हर्जिनिया अपगार या हुशार विद्यार्थिनीला व्हिपल यांनी शल्यक्रिया सोडून भूलशास्त्राकडे जाण्याचा सल्ला दिला. त्या बाईंनी तेथेही नाव काढले, नवजात बाळाची तपासणी आज त्यांच्याच गुणांकावर होते. तरी मनात येते, त्या शल्यविशारद झाल्या असत्या तर?

१९६३ साली व्हिपल वारले. बालपणीच्या मुलखाला ते विसरले नव्हते. नेस्टोरियन ख्रिस्ती व मुसलमान वैद्यांनी वैद्यकाला काय दिले, यावरचा त्यांचा ग्रंथ १९६७ साली, त्यांच्या मागे, प्रसिद्ध झाला. तो आपल्या ग्रंथालयात नाही. मागणीवहीत मी नाव लिहून ठेवले आहे.