ऑयलर आणि दोन मोठ्या संख्या

लेओनार्ट ऑयलरचा जन्म १७०७ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल या नगरात झाला. वडील धर्मोपदेशक होते. मुलानेही तोच मार्ग धरावा अशी त्यांची इच्छा होती; परंतु मुलाचे चित्त गणितात रमले. अखेर योहान बेर्नुली या थोर गणितज्ञाने वडिलांचे मन वळविले आणि विसाव्या वर्षी ऑयलर रशियातील सेंट पीटर्झबर्गच्या विज्ञानसंस्थेत दाखल झाला.

१७२९ साली गोल्डबाख या विद्वान मित्राने पत्रातून त्याला एक प्रश्न विचारला. १ आणि ती संख्या यांखेरीज कशानेही जिला निःशेष भाग जात नाही ती मूळ संख्या, हे तुम्हांस ठाऊक आहेच. २ चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा व सोळावा घात घेऊन प्रत्येकात १ मिळविला, तर ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या येतात. त्या पाचही मूळ आहेत. ही माला कितीही वाढविली तरी तीत मूळ संख्याच येतील, असे फेर्मा या फ्रेंच गणितज्ञाचे मत होते. ते खरे काय?

मालेतील पुढची संख्या ४,२९,४९,६७,२९७. एवढ्या संख्येचे अवयव शोधीत बसणार कोण? शिवाय मत फेर्माचे! परंतु १७३२ साली ऑयलरने दाखवून दिले की, तिला ६४१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो. शंका असेल त्याने गुणाकार करून पाहावा. पुढे त्याने असेही सिद्ध केले की, या संख्येच्या कोणत्याही मूळ भाजकास ६४ ने भागले असता बाकी १ च उरली पाहिजे. अशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ अशा क्रमाने येतात; म्हणजे पाचव्याच प्रयत्नास उत्तर हाती लागते.

१७३८ च्या सुमारास त्याचा उजवा डोळा गेला. पंचवीस वर्षे बर्लिनमध्ये काढून १७६६ साली तो रशियात परतला, तेव्हा दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू वाढत होता. १७७१ साली शहरात आग लागून त्याचे घर जळाले; एका देशबांधवाने त्याला खांद्यावर घेऊन बाहेर काढले. त्याच वर्षी झालेल्या शस्त्रक्रियेने दिसू लागले खरे, पण ते थोडेच दिवस. मग मोठ्या पाटीवर खडूने ढोबळ आकडे काढावे आणि बाकीचे मुलाला व शिष्यांना तोंडी सांगावे, असा क्रम सुरू झाला. काम मात्र घटले नाही, उलट वाढलेच.

याच काळात, १७७२ साली, त्याने २ च्या एकतिसाव्या घातातून १ वजा करून येणारी २,१४,७४,८३,६४७ ही संख्या हाती घेतली. ती मूळ आहे असे मेर्सेनने १६४४ साली लिहिले होते, पण पुरावा दिला नव्हता. संख्येला अवयव असतील तर त्यांतील एक तिच्या वर्गमुळाहून मोठा असू शकत नाही. म्हणून ४६,३४० पर्यंतच पाहणे पुरे होते. त्यातही २४८ ने भागल्यास १ किंवा ६३ बाकी उरेल असेच भाजक तपासावे लागतात, हे ऑयलरने ओळखले. एकानेही निःशेष भाग गेला नाही. मेर्सेनचे म्हणणे खरे ठरले आणि पुढे कितीतरी वर्षे याहून मोठी मूळ संख्या कोणासही ठाऊक नव्हती.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी ऑयलरचे निधन झाले. त्याच्या पाटीवर, त्याच वर्षी फ्रान्समध्ये प्रथम उडालेल्या हवाई फुग्यांच्या गतीचे गणित मांडलेले होते.